तुमच्या मॅडम कधी येणार?

लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी हवी' असं छापायची आता लोकांना थोडी लाज वाटते. २०२० साली शादी डॉट कॉमनेसुद्धा रंगावरून स्थळं चाळायची सोय काढून टाकली आणि आपण सुधारलो असं समजून सगळे मोकळे झाले. पण अपेक्षा अशी कुठे जाते? ती नवरीच्या अंगावरून उठली आणि लग्नातल्या बाकीच्यांच्या मानगुटीवर बसली. दारात अत्तर लावणाऱ्या मुली उंच हव्यात, सडपातळ हव्यात, नऊवारीत शोभायला हव्यात. पंगतीत वाढणारी पोरं 'प्रेझेंटेबल' हवीत. सनईवाला तेवढा कसाही चालतो, कारण बहुतेक ठिकाणी तो पेनड्राइव्हमध्ये असतो.

आणि वेडिंग प्लॅनर? ती 'आपल्यातली' वाटली पाहिजे. आपल्यातली म्हणजे चंदेरी कुर्ता, मोकळे पण इस्त्री केलेले केस, कपाळावर दिसेल न दिसेल अशी टिकली आणि बोलण्यात पाच वाक्यांमागे एकदा 'नो वरीज काकू'.

माझ्या ओळखीतली एक मुलगी पुण्यात हा धंदा करते. मूळची सांगलीकडची. डोक्याची डावी बाजू वस्तऱ्याने साफ, उजव्या बाजूचे केस मोरपंखी, नाकात मधोमध कडी, दोन्ही हात मनगटापासून खांद्यापर्यंत टॅटूंनी भरलेले. पहिल्या बैठकीला ती दारात उभी राहिली की घरातली माणसं तिच्या खांद्यावरून पलीकडे जिन्याकडे बघत राहतात. मग मुलीची मावशी (असल्या प्रश्नांना कुठल्याही घरात मावशीच पुढे केली जाते) विचारते, "तुमच्या मॅडम कधी येणार?"

"आल्यात. चहा सांगा," असं म्हणून ही सोफ्यावर बसते.

तोंडावर नाही कोणीच म्हणत नाही. आपल्याकडे नकाराला नेहमी तिसरा माणूस लागतो. "मला काही नाही हो, उलट मला आवडतं हे असं बोल्ड. पण आमच्या आईंना चालणार नाही." आई म्हणजे आतल्या खोलीत बसलेल्या आजी. त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. एकदा त्या आजी काठी टेकत बाहेर आल्या. त्यांच्या स्वतःच्या हातावर कोपरापर्यंत गोंदण, तुळशीवृंदावनासकट. त्यांनी हिचा हात उजेडात धरून नीट तपासला आणि विचारलं, "गोंदणारणीनं घेतलं काय? आमच्या येळी पायलीभर जोंधळं दिलं होतं." हिने आकडा सांगितला. आजी म्हणाल्या, "फसवलं तुला." काम मात्र मिळालं नाही. आजींचं नाव पुढे करणं आणि आजींचं ऐकणं ही दोन वेगळी खाती आहेत.

आता ज्याचं नाव पत्रिकेवर सगळ्यात वर छापतात, त्याचं रूप आठवा. हत्तीचं तोंड, सुटलेलं पोट, मोडका दात, वाहन उंदीर. कामाचं स्वरूप, विघ्नं आवरणे. म्हणजे धंद्याने हा प्लॅनरच, आणि पहिली अक्षत मानाने त्याच्याकडे जाते. शंकराच्या लग्नात तर खुद्द नवरदेवच राख फासून, गळ्यात साप घालून, भुतांचं वऱ्हाड घेऊन आला. सासू मेना ते रूप बघून बेशुद्ध पडली, असं शिवपुराणात आहे. लग्न झालं, आणि संसार अजून चालू आहे. एवढी वशिल्याची माणसं पाठीशी असताना एका पोरीच्या मोरपंखी केसांनी कोथरूडच्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सुतकी शांतता पसरते.

बरं, लग्नात चारचौघांसारखी न दिसणारी माणसं चालत नाहीत असंही नाही. लग्न त्यांच्यावरच चालतं. लाल कोटाला सोनेरी झालर लावलेले बँडवाले चालतात. भट्टीपुढे बनियनवर घाम गाळणारा आचारी चालतो. नव्या जोडप्याला आशीर्वाद द्यायला किन्नर आले की शकुन म्हणून नोटा पुढे होतात. वरातीत दिव्यांची झुंबरं डोक्यावर घेऊन, मागच्या जनरेटरच्या वायरीला बांधल्यासारख्या चालणाऱ्या बायका तर कोणाला दिसतही नाहीत. अडतं ते नेमकं एका जागी. त्याच बाईने झुंबर खाली ठेवून "वरात जरा थांबवा" म्हटलं तर सगळ्या वरातीला ती एकदम दिसेल. ओझं वाहणारा कसाही असो, सूत्रं हलवणारा मात्र आरशात आपण दिसतो तसाच दिसायला हवा. पैसे देऊन कोणाचं तरी ऐकायचं, तर तो निदान आपल्यासारखा असावा, एवढीच बिचाऱ्यांची माफक इच्छा.

यात पुरुषांना सूट आहे, हे सांगायला नकोच. शर्टाची बटणं पोटावर ताणलेली, गळ्यात चेन, एका कानात ब्लूटूथ, गालात मावा, असा गृहस्थ आला की लोक म्हणतात, "माणूस अनुभवी दिसतो."

काळ्या रंगाचंही तेच. जगभर कार्यक्रमांमध्ये पडद्यामागची माणसं काळे कपडे घालतात, अंधारात दिसू नयेत म्हणून. आपल्या लग्नात काळा रंग सगळ्यांच्या आधी दिसतो. डिसेंबरात ज्या सासूबाई प्लॅनरच्या काळ्या शर्टाकडे बघून "शुभकार्याला हे काय?" म्हणतात, त्याच जानेवारीत पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालतात आणि शेजारणींना फोटो पाठवतात. आमच्या मुलीने वाद घातला नाही. आपल्या पोरांना गडद जांभळे टीशर्ट शिवून घेतले. अंधारात ते काळेच दिसतात, उजेडात सासूबाईंचं समाधान होतं.

तिच्या साफ केलेल्या डोक्याला लोक बिचकतात ते वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण कोणी उघड बोलत नाही. बाईचं बोडकं डोकं आणि मंगलकार्य ही जोडी महाराष्ट्राच्या पोटात अजून टोचते. १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करणार नाही असा पवित्रा घेतला, त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते. वस्तरा थांबला, डोळ्यातली कुसळं राहिली. ४ मे २०२२ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, सगळं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणजे लोखंड्यांनंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनीही ठराव करावा लागत होता, आणि तो करणाऱ्या गावाची बातमी होत होती. आजही लग्नाच्या पोळ्या लाटायला बचत गटातल्या ज्या बायका येतात, त्यात मोकळ्या कपाळाच्या किती असतात ते भटारखान्यात जाऊन बघा. त्यांच्या हातची पोळी चालते. त्यांचा हात हळद लावायला पुढे आला की सगळ्यांना एकदम फोटोग्राफरची आठवण होते.

मग हिला पहिलं काम मिळालं कसं? गुणवत्तेमुळे, असं लिहायला मला आवडलं असतं. मिळालं पंचांगामुळे. आपल्याकडे चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नाहीत, तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लागायला लागतात. मध्येच गुरू नाहीतर शुक्र अस्ताला जातो आणि आणखी तारखा गळतात. उरलेल्या मुहूर्तांवर सगळा महाराष्ट्र एकदम तुटून पडतो. हॉल नाही, आचारी नाही, गुरुजी एका बोहल्यावरून दुसऱ्या बोहल्यावर स्कूटरने. अशाच एका दाट तारखेला एका बिल्डरच्या मुलीचं लग्न होतं, ठरलेल्या प्लॅनरने आयत्या वेळी हात वर केले होते, आणि सगळ्या पुण्यात मोकळी अशी हीच एक सापडली. त्या दिवशी तिच्या केसांचा रंग कोणाच्या लक्षातही आला नाही.

यात नवल काही नाही. याच शहरात शंकरराव थत्ते यांनी १९७०च्या दशकात बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली, तीही उद्यान प्रसाद या मंगल कार्यालयात. पुढे ज्ञानप्रबोधिनीने जात न बघता स्त्री-पुरुषांना शिकवून तयार केलं. सुरुवातीला नऊवारीतल्या बाईंना बोहल्यावर बघून लोकांना वाटायचं, या मुलीच्या आत्या असाव्यात. आज त्याच बाईंची तारीख धरायला आधीपासून फोन करावा लागतो. आगरकर वाचून किती जणांची नजर सुधारली ते सांगता येणार नाही. गुरुजी मिळेनात म्हणून सुधारलेल्यांची यादी मात्र मोठी निघेल. तुटवड्यासारखा समाजसुधारक नाही. त्याचा पुतळा कुठे नाही, एवढंच.

पहिल्या लग्नाची गोष्ट सांगतो, कारण ती मी पाहिली. लाजाहोमाची वेळ. नवरीचा भाऊ झब्बा सावरत पुढे आला, गुरुजींनी लाह्या मागितल्या, आणि लाह्या नाहीत. मुलीकडच्यांना वाटलं कार्यालय देतं, कार्यालयाला वाटलं गुरुजी आणतात, गुरुजींनी यादी महिन्याभरापूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती आणि ती संगीताच्या रिहर्सलच्या व्हिडिओंखाली गाडली गेली होती. एका उत्साही मामाने हॉलबाहेरच्या लाइव्ह काउंटरवरून पॉपकॉर्नचा कागदी डबा आणला. चीज फ्लेवर. गुरुजींनी डबा बघितला, मामांकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. तेवढ्यात आमची मुलगी खांबामागून आली, कमरेच्या बॅगेतून कापडी पुरचुंडी काढली. भट्टीवरून आणलेल्या साळीच्या लाह्या. त्या बॅगेत आणखी एक अंतरपाट, जानव्याचा जोड, कापूर, सुपाऱ्या, हळकुंडं, मुंडावळ्यांचा जादा सेट, पिना आणि नवरदेवासाठी अ‍ॅसिडिटीची गोळीही होती. कडी घातलेल्या नाकाच्या मुलीला लाह्या कुठल्या लागतात हे माहीत कसं, हा प्रश्न पुढे चार दिवस त्या घरात चर्चेला होता. उत्तर सोपं आहे. 'आपल्यातल्या' दिसणाऱ्याला काही चुकलं तर माफी असते. हिच्या हातून एक सुपारी कमी पडली असती तरी खापर टॅटूवर फुटलं असतं, म्हणून ही गुरुजींपेक्षा जास्त पाठ करून येते. दुप्पट तयारीचे पैसे कुठल्या कोटेशनमध्ये लावता येत नाहीत.

तिच्या दिसण्याचे फायदेही आहेत, पण ते प्रेरणादायी भाषणांत सांगतात तसले नव्हेत. पहिला फायदा, ती सापडते. दोन हजार माणसांच्या गर्दीत चंदेरी कुर्त्यातली मुलगी शोधून दाखवा. तशा चाळीस असतात, त्यातल्या दहा नवरीच्या चुलत बहिणी. "त्या मोरपंखी केसवालीला विचारा" म्हटलं की जनरेटरवाल्यापासून आहेर लिहिणाऱ्या काकांपर्यंत सगळे सरळ तिच्याकडे पोहोचतात. दुसरा फायदा मला सांगली-कोल्हापूरकडच्या एका लग्नात कळला. मुहूर्त टळून पाऊण तास झालेला, बोहल्यावर नवरा-नवरी हार घेऊन ताटकळत, आणि निवेदक माइकवरून आजी-माजी आमदार, सभापती, कारखान्याचे संचालक, त्यांचे स्वीय सहायक यांचं शाल-श्रीफळ उरकतोय. एकाही पाहुण्याची माइक घ्यायची छाती नाही. ही सरळ चालत गेली, निवेदकाच्या कानात काहीतरी बोलली आणि तिसऱ्या मिनिटाला पहिलं मंगलाष्टक सुरू झालं. कार्यकर्त्यांनी तिला वाट का दिली? त्यांना ती कोण आहे ते कळेना. टीव्हीवाली? मुंबईची कोणी? साहेबांच्या ओळखीची? आपल्याकडे ज्याचं गाव, आडनाव आणि पार्टी तिन्ही कळत नाहीत त्याला माणसं जरा वचकूनच असतात. ब्लेझरवाल्या सभ्य मुलाला त्याच कार्यकर्त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं.

तिला सल्ला देणारे पुष्कळ भेटले. "तू आपल्या लोकांसाठी काम कर," हा त्यातला सगळ्यात लाडका. आपले लोक म्हणजे कोण? विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लावून रजिस्टर लग्न करणारे, सत्यशोधक पद्धतीने लावणारे, दुसरेपणाचे, आंतरजातीय, घरच्यांनी तोंड फिरवलेले. तिने केली अशीही लग्नं, मनापासून केली. या मंडळींना तिचे केस अतिशय आवडतात. ते तिला मिठी मारतात, तिच्याबरोबर सेल्फी काढतात आणि मग म्हणतात, आपलं बजेट चहा, खारी आणि पेढा एवढंच आहे, तुला समजेलच. तिला समजतं. पण जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी त्या पद्धतीची लग्नं लागायला लागली ती खर्चाच्या जोखडातून माणसं सुटावीत म्हणून. प्लॅनरचं घरभाडं निघावं हा त्यात हेतू नव्हता. पुरोगामी लग्न साधं असतं, आणि साधेपणावर टक्केवारी बसत नाही. उलट जो बिल्डर तिच्या चेहऱ्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाशी बोलायचा, त्याने हळदीच्या आदल्या दिवशी सगळी बाकी चुकती केली. धंदा उभा राहिला तो अशा घड्याळाशी बोलणाऱ्यांच्या पैशावर. कौतुकावर उभा राहिलेला धंदा मी अजून पाहिलेला नाही.

सिनेमावाल्यांनी या बाबतीत फार मदत केली असं नाही. 'फादर ऑफ द ब्राइड'मध्ये (१९९१) मार्टिन शॉर्टचा प्लॅनर हा कोणाला न कळणाऱ्या उच्चारांचा विनोदी नमुना. 'द वेडिंग प्लॅनर'मध्ये (२००१) जेनिफर लोपेझ आणि 'बँड बाजा बारात'मध्ये (२०१०) अनुष्का शर्मा. म्हणजे एकतर हसायला या, नाहीतर नवरीपेक्षा देखणे या. 'मेड इन हेवन'च्या दुसऱ्या सीझनमध्ये (२०२३) डॉ. त्रिनेत्रा हलदार गुम्माराजू या ट्रान्स अभिनेत्रीने प्लॅनर कंपनीतल्या मेहरचं काम केलं, तेव्हा कुठे पडद्यावर असं माणूस फाइल हातात घेऊन, आशीर्वाद न देता, नुसतं नोकरी करताना दिसलं.

आणि हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला डाचते. आमच्या मुलीचे केस तिने हौसेने रंगवले आहेत. उद्या कंटाळली तर काळे करील. ज्यांना ती सोय नाही त्यांचं काय? मार्केट यार्डातून झेंडू, निशिगंध, गुलाब आणून मांडवाची कमान भरणारा एक फूलवाला मला माहीत आहे. त्याच्या चेहऱ्यावर, हातांवर कोड आहे. कोड संसर्गाने होत नाही, हे शाळेतल्या पोरालाही सांगितलेलं असतं. त्याच्या हाताखाली सहा माणसं आहेत, कमानीचं चित्र तोच काढतो, हिशोब त्याच्या तोंडावर. पण बैठकीला तो भाच्याला पाठवतो. पहाटे चारला येऊन काम संपवतो आणि पहिला पाहुणा यायच्या आत टेम्पोत बसतो. हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. एकदा सांगितलं होतं, त्यानंतर सांगावं लागलं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात बुटकेपणा आला, अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेले आले. २०१९चा कायदा तृतीयपंथीयांशी नोकरीत भेदभाव करू नका म्हणतो. चांगलंच आहे. पण वधूपित्याने कोणाला कंत्राट द्यावं हे कुठलं कलम ठरवणार? तो कधीच 'चेहरा नको' म्हणत नाही. तो म्हणतो, "कळवतो."

आमच्या मुलीने यंदा त्या फूलवाल्याला बैठकीला सोबत नेलं. घरातले सगळे आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघत राहिले. कोणाकडे बघून दचकायचं हेच ठरेना, तोवर त्याने कमानीचं चित्र टेबलावर पसरलं होतं आणि मावशी विचारत होत्या की निशिगंधाऐवजी मोगरा घेतला तर किती वाढतील.

बाकी बाजार हुशार असतो. ज्या केसांनी तीन वर्षांपूर्वी कामं जात होती, त्याच केसांचे रील बघून आता कामं येतात. बाणेरच्या एका पार्टीने तर पाहुण्यांत सांगून ठेवलंय की आमची प्लॅनर एकदम हटके आहे हं, मुद्दाम शोधून आणलीय. परवा त्याच नवरीच्या आईचा फोन आला. म्हणाल्या, "बाकी सगळं छान, पण हळदीची थीम पिवळी आहे ना, तुमचे केस त्यात जरा वेगळे पडतील. दोन दिवसांपुरते पिवळे करता येतील का?"

तिने कोटेशन पाठवलंय. हळदीचे केस वेगळे, रिसेप्शनचे वेगळे, आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी.